तोच पेपर दोन जर्नलना पाठवू का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पीएचडीच्या शेवटच्या वर्षात असलेल्या एक वाचक लिहितात: 'प्रबंध सादर करण्याआधी किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध झालेला हवा, अशी आमच्याकडे अट आहे. सात महिन्यांपूर्वी एका चांगल्या जर्नलकडे पेपर पाठवला. तेव्हापासून स्क्रीनवर "समीक्षा सुरू आहे" एवढंच दिसतं. संपादकांना विचारायचा संकोच वाटतो, म्हणून काही कळवलेलं नाही. प्रबंधाची मुदत आठ महिन्यांवर आली आहे. गाइड म्हणतात, तोच पेपर आणखी एका जर्नलकडे टाकून ठेव. आधी जिथून होकार येईल तिथे छापू, दुसरीकडून काढून घेऊ, सगळेच असं करतात. या वेळी विभागप्रमुखांचं नावही घालायचं ठरलं आहे. त्यांनी पेपर वाचलेला नाही. प्रयोगशाळेत माझ्याबरोबर काम करणारी ज्युनिअर आता दुसरीकडे गेली आहे. एक उपकरण सतत चुकीचं मोजतंय हे तिच्याच लक्षात आलं होतं आणि त्यामुळे आमचा निष्कर्षच बदलला. पण तिचं नाव यादीत नाही, कारण तिने "फक्त मोजमापं घेतली". त्यातच पंधरा दिवसांत छापून देण्याची हमी देणारी एक ईमेल आली आहे. मला चुकीचं काही करायचं नाही. पण प्रामाणिक राहिले तर पदवी लटकेल. यात मधला मार्ग आहे का?'

तुमचं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. एका बाजूला प्रामाणिकपणा, दुसऱ्या बाजूला पदवी आणि मधे तुम्ही, अशी मांडणी तुम्ही केली आहे. ती मला पटत नाही, कारण पत्रात एक गोष्ट कुठेच सापडत नाही: तुम्ही कुणाला काही विचारलेलं नाही. समीक्षा कुठे अडली आहे हे संपादकांना विचारलेलं नाही. अटीची नेमकी भाषा काय आहे हे विद्यापीठाकडून समजून घेतल्याचं दिसत नाही. विभागप्रमुखांना नाव हवं आहे का, हे त्यांना विचारलं की परस्पर ठरलं, याचा उल्लेख नाही. आणि ज्युनिअरला तर पेपर गेल्याचंही माहीत नसावं. चौघांचीही उत्तरं आधीच गृहीत धरली गेली आहेत आणि त्या गृहीतांमधून तुमची कोंडी तयार झाली आहे. मधला मार्ग शोधायला लागण्याआधी विचारून तर बघा.

आधी दोन जर्नलचा प्रश्न घेऊ. पेपर सबमिट करताना एका विधानासमोर खूण करावी लागते: हे लेखन इतरत्र प्रसिद्ध झालेलं नाही आणि सध्या दुसऱ्या कुठल्याही जर्नलच्या विचाराधीन नाही. सात महिन्यांपूर्वी तुम्ही ही खूण केली तेव्हा ती खरी होती. दुसरीकडे पाठवताना हीच खूण पुन्हा करावी लागेल आणि त्या वेळी ते सरळ सरळ खोटं असेल. पहिल्या जर्नलला दिलेला शब्दही त्याच क्षणी मोडेल.

हा नियम संपादकांच्या सोयीसाठी केला आहे असं अनेकांना वाटतं. पण जरा समीक्षकांच्या बाजूने बघा. ही मंडळी बहुतेक वेळा विनामोबदला, आपलं काम सांभाळून, रात्री बसून दुसऱ्याचा पेपर वाचतात. २०२० या एका वर्षात जगभरच्या समीक्षकांनी मिळून १० कोटींहून अधिक तास या कामाला दिले, असा अंदाज २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. तुमचा पेपर दोन जर्नलकडे गेला तर चार-सहा माणसं तेच काम करतील आणि त्यातल्या निम्म्यांचे कष्ट वाया जाणार हे तुम्हाला आधीपासून ठाऊक असेल. ज्या दिरंगाईने तुम्ही हैराण झाला आहात, तिचं एक मोठं कारण समीक्षक मिळत नाहीत हेच आहे.

'दुसरीकडून काढून घेऊ' हेही बोलायला सोपं आहे. दोन्हीकडून एकाच आठवड्यात होकार येऊ शकतो. माघारीचं पत्र कुणी उघडायच्या आत पेपर ऑनलाइन झळकू शकतो. मग एकच संशोधन दोन ठिकाणी छापलं जातं. त्याने कुणाचं काय बिघडतं, असं वाटत असेल तर एक उदाहरण सांगते. शस्त्रक्रियेनंतरची मळमळ आणि उलट्या थांबवायला ऑन्डॅन्सेट्रॉन हे औषध देतात. त्याच्या प्रसिद्ध झालेल्या चाचण्या मार्टिन ट्रॅमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या आणि १९९७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष मांडले. १७ टक्के अहवाल दुबार छापलेले निघाले. रुग्णांच्या आकडेवारीपैकी २८ टक्के दुबार होती. मूळ पेपरचा संदर्भ दिलेला नसल्याने वाचणाऱ्याला ते वेगवेगळे प्रयोग वाटत होते. ही दुबार आकडेवारी धरून हिशेब केला तर औषधाचा गुण २३ टक्क्यांनी फुगून दिसत होता. तुमचा विषय औषधांचा नसेलही, पण तुमच्या आकड्यांवर कुणीतरी पुढचा हिशेब मांडणारच आहे.

पकडले जाऊ का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, याचं मला बरं वाटलं. पण अशाच पेचात सापडलेल्या इतर वाचकांसाठी सांगते. विषय जितका अरुंद, तितके त्यातले जाणकार कमी. दोन जर्नलचे संपादक त्याच एका तज्ज्ञाकडे वळतात आणि त्याच्यासमोर तोच पेपर दोनदा येतो. पुढे काय करायचं, यासाठी 'कोप' या प्रकाशन-नीतीवरच्या समितीने संपादकांना पायरीपायरीने मार्गदर्शन करणारे तक्ते दिले आहेत. लेखकांकडून समाधानकारक खुलासा आला नाही, तर प्रकरण त्यांच्या संस्थेपर्यंत नेण्याची सोय त्यात आहे.

'सगळेच असं करतात' यात थोडं तथ्य एका कोपऱ्यात आहे. अमेरिकेत कायद्याची जी नियतकालिकं विद्यार्थी संपादित करतात, त्यांच्याकडे एकच लेख एका वेळी अनेक ठिकाणी पाठवण्याची रीतच आहे. तिथे ते गैर ठरत नाही, कारण संपादकांना ते माहीत असतं आणि मान्य असतं. तुमच्या गाइडनी सुचवलेल्या योजनेत मात्र दोन्ही संपादकांना अंधारात ठेवावं लागतं. ती योजना उघड केली तर चालेल का, हा एक प्रश्न गाइडना शांतपणे विचारून बघा.

मग करायचं काय? पहिल्या जर्नलच्या संपादकांना आजच लिहा. तीन-चार महिन्यांनंतर चौकशी करणं अगदी रीतीला धरून आहे. तुम्ही तर सात महिने थांबलात. मजकूर एवढाच पुरे: 'आमचा अमुक क्रमांकाचा पेपर अमुक तारखेला आपल्याकडे सबमिट झाला आहे. समीक्षा कोणत्या टप्प्यावर आहे आणि निर्णयाला साधारण किती वेळ लागेल, हे कळवता येईल का? माझ्या प्रबंधाची मुदत अमुक तारखेला आहे, त्यानुसार मला पुढचं ठरवावं लागेल.' तक्रारीचा सूर नको, गयावया नको. मी संपादक मंडळावर बरीच वर्षं काम केलं आहे आणि अशा पत्राचा राग आलेला संपादक मला आठवत नाही. उलट अनेकदा अशा पत्रामुळेच कळतं की दुसरा समीक्षक गप्प बसला आहे आणि पेपर तसाच पडून आहे. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर मुख्य संपादकांना त्याच पत्राची आठवण करून द्या.

उत्तर काय येतं त्यावर पुढचं अवलंबून आहे. एका समीक्षकाचा अभिप्राय आला असेल आणि दुसऱ्याचा तोंडावर असेल तर थांबा. सात महिने थांबून आठव्या महिन्यात पेपर काढून घेणं फार महागात पडू शकतं. समीक्षकच मिळालेला नाही असं कळलं तर पेपर रीतसर मागे घ्या. सगळ्या लेखकांची संमती, संपादकांना तसं पत्र आणि त्यांच्याकडून 'मागे घेतला' अशी लेखी पोच. ही पोच हातात पडेपर्यंत दुसरीकडे काहीही सबमिट करायचं नाही. दरम्यानचा वेळ मात्र फुकट घालवू नका. दोन-तीन जर्नलच्या संपादकांना सारांश पाठवून 'हा विषय तुमच्या कक्षेत बसतो का' असं आधीच विचारता येतं. याला सबमिशन म्हणत नाहीत, त्यामुळे एकाच वेळी अनेकांना विचारायला हरकत नाही. काही प्रकाशक नाकारलेला पेपर समीक्षकांच्या अभिप्रायांसकट आपल्याच दुसऱ्या जर्नलकडे वळवून देतात. तशी सोय असेल तर नव्याने सुरुवात करावी लागत नाही. आणि तुमचं काम कुणी आधी छापेल अशी धास्ती असेल तर प्रीप्रिंटचा, म्हणजे समीक्षेआधीच पेपर ऑनलाइन खुला करण्याचा, विचार करा. त्यासाठी भौतिकशास्त्रात १९९१ पासून 'आर्काइव्ह' हे संकेतस्थळ आहे, जीवशास्त्रात २०१३ पासून 'बायोआर्काइव्ह'. प्रीप्रिंटवर तारीख पडते, इतरांना संदर्भ देता येतो आणि बहुतेक जर्नलना ते चालतं. तरीही तुमच्या जर्नलचं धोरण आधी वाचा आणि कव्हर लेटरमध्ये त्याचा उल्लेख करा.

विद्यापीठाची अट शब्दशः वाचा, हे दुसरं. कित्येक ठिकाणी 'प्रसिद्ध किंवा स्वीकृत' असं लिहिलेलं असतं आणि विद्यार्थी मात्र छापील पानांची वाट बघत बसतात. स्वीकृतीचं पत्र चालतं का, मुदतवाढ मिळते का आणि त्यासाठी सबमिशनचा पुरावा पुरतो का, हे लेखी विचारा. तोंडी मिळालेलं उत्तर अशा बाबतीत कामाला येत नाही.

पंधरा दिवसांत छापून देणाऱ्या ईमेलबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तिकडे वळू नका. २०१३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकासाठी जॉन बोहॅनन या पत्रकाराने ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला एक बनावट पेपर, थोडे तपशील बदलून, ३०४ मुक्तप्रवेश (म्हणजे कुणालाही मोफत वाचता येणाऱ्या) जर्नलना पाठवला होता. १५७ जर्नलनी तो स्वीकारला आणि ९८ जर्नलनी नाकारला. त्यावरून मुक्तप्रवेश म्हणजे फसवणूक असा अर्थ काढू नका. नाकारणारी जर्नलही मुक्तप्रवेशच होती, आणि लेखकाकडून शुल्क घेणारी उत्तम जर्नल आहेत. खरा प्रश्न आहे तो कुणी वाचून, तपासून निर्णय घेतो का, हा. पंधरा दिवसांत समीक्षक शोधणं, त्यांनी वाचणं, तुम्ही दुरुस्ती करणं आणि छपाई हे सगळं नीट होणं जवळपास अशक्य आहे. होकाराची आणि तारखेची हमी कुणी आधीच देत असेल तर समीक्षेला तिथे काही अर्थ उरत नाही.

आणि यातली सर्वात वाईट गोष्ट नंतर कळते. अशा ठिकाणी पेपर छापला गेला की तो 'प्रसिद्ध' ठरतो. मग चांगलं जर्नल त्याला हात लावत नाही. मागे घ्यायला जावं तर शुल्क मागतात किंवा उत्तरच देत नाहीत. तुमचं काही वर्षांचं काम तिथे कायमचं अडकतं. म्हणून जर्नल निवडताना थोडा वेळ काढा. संपादक मंडळावरची माणसं खरी आहेत का आणि आपल्या संस्थेच्या पानावर ती या जर्नलचा उल्लेख करतात का, ते बघा. गेल्या दोन-तीन अंकांतले पेपर वाचा. ते तुमच्या विषयाचे आहेत का आणि तुम्हाला पटण्यासारखे आहेत का? मुक्तप्रवेश जर्नल असेल तर २००३ पासून चालू असलेल्या 'डीओएजे' या सूचीत ते आहे का, ते तपासा. जर्नलमधल्या पेपरना सरासरी किती संदर्भ मिळतात हे सांगणारा 'इम्पॅक्ट फॅक्टर' क्लॅरिव्हेट ही कंपनी दर वर्षी जाहीर करते. तसंच ऐकू येणारं भलतंच नाव लावून आकडा दिला असेल तर सावध व्हा. नामांकित जर्नलच्या वेबसाइटची हुबेहूब नक्कल करणारेही आहेत, त्यामुळे ईमेलमधल्या दुव्यावरून कधीच सबमिट करू नका.

आता नावांकडे येते. तुमच्या पत्रातला मला सर्वात जास्त लागलेला भाग हाच आहे आणि तुम्ही त्यावर सर्वात कमी लिहिलं आहे.

लेखक कुणाला म्हणायचं यासाठी वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे निकष आता इतर विषयांतही आधाराला घेतले जातात. चार अटी आहेत आणि चारही पूर्ण व्हाव्या लागतात: संशोधनाची कल्पना, आखणी, माहिती गोळा करणं, तिचं विश्लेषण किंवा अर्थ लावणं यांत भरीव वाटा; मसुदा लिहिणं किंवा त्यात वैचारिक भर घालणारी दुरुस्ती करणं; अंतिम मसुद्याला मंजुरी; आणि संपूर्ण कामाची जबाबदारी घ्यायची तयारी. निधी मिळवून दिला किंवा विभागावर सर्वसाधारण देखरेख ठेवली, तर तेवढ्याने लेखकपद मिळत नाही. त्यासाठी ऋणनिर्देश आहे.

तुमच्या ज्युनिअरने उपकरणातला दोष हेरला आणि त्याने निष्कर्ष बदलला. याला 'फक्त मोजमापं' कसं म्हणता येईल? पहिली अट तिने स्पष्टपणे पूर्ण केली आहे. 'पण मसुदा तिने लिहिलेला नाही' असं तुमचे गाइड म्हणतील. त्यावरही त्या समितीने लिहून ठेवलं आहे: पहिली अट पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला मसुदा लिहिण्यात, तपासण्यात आणि मंजूर करण्यात सहभागी व्हायची संधी मिळायला हवी. संधी द्यायची नाही आणि मग सहभाग नव्हता म्हणून नाव वगळायचं, यासाठी हे निकष नाहीत.

विभागप्रमुखांच्या नावाबद्दल एक जुनी गोष्ट तुम्हाला उपयोगी पडेल. १९९४ मध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमधल्या एका डॉक्टरने गर्भाशयाबाहेर रुजलेला गर्भ गर्भाशयात आणून रुजवल्याचा आणि बाळ जन्मल्याचा दावा छापला. तशी रुग्णच नव्हती. सहलेखक म्हणून विभागप्रमुख जेफ्री चेंबरलेन यांचं नाव होतं. ते त्या जर्नलचे संपादकही होते आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेजचे अध्यक्षही. विभागप्रमुखांचं नाव रीत म्हणून घालतात, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रकरण बाहेर आल्यावर त्यांना दोन्ही पदं सोडावी लागली. अशा प्रकरणांमुळे अस्वस्थ झालेल्या संपादकांनी १९९७ मध्ये एकत्र येऊन 'कोप' सुरू केली. मान म्हणून घातलेलं नाव त्या माणसाच्या गळ्यात केवढी जबाबदारी टाकतं, हे यातून कळतं.

अर्थात तुमच्या हातात सत्ता नाही आणि गाइडच्या सहीशिवाय तुमचा प्रबंध पुढे सरकत नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. म्हणून भांडू नका, विचारा. आता अनेक जर्नल प्रत्येक लेखकाचं योगदान लिहून मागतात. त्यासाठी 'क्रेडिट' नावाची १४ भूमिकांची यादी आहे: संकल्पना, पद्धत, विश्लेषण, लेखन, देखरेख वगैरे. तो तक्ता भरून गाइडसमोर ठेवा आणि म्हणा, 'सर, फॉर्मवर प्रत्येकाच्या नावासमोर योगदान लिहायचं आहे. विभागप्रमुखांच्या नावासमोर काय लिहू? आणि उपकरणाचा दोष शोधण्याचं काम कुणाच्या नावावर टाकू?' यात कुणावर आरोप नाही. पण कोऱ्या चौकटीसमोर खोटं लिहायला बहुतेक माणसं कचरतात. कदाचित विभागप्रमुख स्वतःच म्हणतील की ऋणनिर्देश पुरे.

गाइड तरीही अडून बसले तर? दोन्ही गोष्टी चुकीच्याच आहेत, पण तुमची ताकद मर्यादित असेल तर ती आधी ज्युनिअरसाठी वापरा, असं मी सांगेन. फुकट मिळालेल्या नावाने विभागप्रमुखांना धोका होतो, पण तो पत्करायला ते समर्थ आहेत. वगळलेल्या नावाने जिचं नुकसान होतं, ती आत्ता कुठे सुरुवात करते आहे आणि हजरही नाही. विभागप्रमुखांच्या नावाबद्दल संशोधन-नीती समिती किंवा पीएचडीचं काम बघणारे समन्वयक यांच्याकडे आधी नाव न घेता सल्ला मागता येतो. झालेली बोलणी ईमेलने नोंदवून ठेवा: 'आज ठरल्याप्रमाणे...' एवढी एक ओळ पुरते.

तयारीच्या बाकी गोष्टी तुम्ही विचारलेल्या नाहीत, तरी दोन-तीन भरभर सांगते. स्वतःच्याच आधीच्या लेखातले परिच्छेद उचलले असतील तर संदर्भ द्या. पद्धतीचा भाग थोडाफार सारखा असणं समजण्यासारखं आहे, निष्कर्ष सारखे असणं नाही. एका अभ्यासाचे तीन तुकडे करून तीन पेपर काढायचा मोह आवरा. भाषा सुधारायला एआय वापरलं असेल तर ते जर्नलला सांगा. एआयला लेखक म्हणून नाव देता येत नाही, अशी भूमिका 'कोप'ने आणि वैद्यकीय संपादकांच्या त्या समितीनेही २०२३ मध्ये घेतली आहे. मूळ नोंदवह्या आणि कच्ची आकडेवारी एका जागी ठेवा, विशेषतः उपकरणातला दोष लक्षात येण्याच्या आधीची आणि नंतरची. आणि तुमच्या संदर्भसूचीतला एखादा पेपर नंतर मागे घेतला गेला आहे का, हे तपासा. मागे घेतलेल्या पेपरची नोंद ठेवणारा 'रिट्रॅक्शन वॉच'चा संग्रह २०२३ पासून क्रॉसरेफ या संस्थेमार्फत सर्वांना मोफत खुला आहे. हे फार थोडे लोक करतात आणि समीक्षकाच्या ते लगेच नजरेत भरतं.

क्रमाबद्दल शेवटचं. संपादकांना आज लिहायचं ते फक्त चौकशीचं पत्र. ज्युनिअरलाही आजच लिहा, मसुदा जोडा आणि तिचं मत व संमती मागा. समीक्षा चालू असतानाही लेखकांच्या यादीत नाव वाढवता येतं. त्यासाठी संपादक कारण आणि सगळ्या लेखकांची लेखी संमती मागतात. छापून झाल्यावर हेच काम शुद्धिपत्राने करावं लागतं आणि ते जड जातं. त्यामुळे पेपर तिथेच राहणार असेल तर तिच्या नावाची विनंती निर्णय येण्याआधी जायला हवी, आणि मागे घेणार असाल तर पुढच्या सबमिशनच्या पहिल्याच मसुद्यात तिचं नाव असू द्या.